सुझान घटी बसली

मी एकदा मनावर घेतलं की दगडालासुद्धा पालवी फुटते! असं माझ्याबद्दल गावात बोललं जातं. म्हणजे बोलतो मीच, पण बोललं जातं हे खरं.

मी महिपती. तळेगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या मालातली खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा, हे माझं काम. सकाळी मळवलीला गाडी पकडायची, संध्याकाळी परत आमच्या भाजे गावात. घरी आई आणि बायको सविता. सविता मूळची तळेगावची. लग्नाला अठरा वर्षं झाली, तरी भावकीच्या लेखी ती अजून ‘शहरातली पोर’च आहे.

तर घरामागं आमचा एक उतार आहे. पावसाळ्यात त्यावरून पाणी असं धावतं की उभं राहिलं तर चपला शेजारच्या रेणुकावहिनींच्या दारात सापडतात. आणि होळी झाली, की त्याच उतारावर बकरीसुद्धा तोंड घालत नाही. शनिवार-रविवारी लेणी बघायला येणारी मंडळी आमच्या दारावरूनच जातात, त्या वाळक्या उताराकडं बघतात आणि पुढं सटकतात. मला ते लागायचं.

आणि एक दिवस मोबाईलवर प्रेअरीतल्या फुलांचा व्हिडिओ दिसला. प्रेअरी म्हणजे अमेरिकेतलं माळरान. तिथली फुलं म्हणे पाण्याचा थेंब नसला तरी महिनोन् महिने तग धरतात! मुळं पुरुषभर खोल जातात, वरून ऊन कितीही तापू दे, फुलं आपली डोलतायत! मी तिथल्या तिथं बी मागवलं.

“येत्या एप्रिलात,” मी ओट्यावर उभं राहून जाहीर केलं, “हा उतार पिवळाधमक दिसंल! लोक लेणी सोडून आपल्याकडं वळतील!”

“कसली फुलं म्हनायची ही?” आईनं विचारलं.

मी पाकिटावरची नावं वाचून दाखवली. त्यातलं एक होतं ‘ब्लॅक-आइड सुझन’. आईला समजावं म्हणून सांगितलं, “काळ्या डोळ्यांची सुझान.”

“कोन ही सुजान? आन ती आपल्या घरात कशापाई?”

“आई, फूल हाय ते!”

“बाईचं नाव हाय. सवितेला इचारलंस का?”

पहिली पेरणी मी जुलैमध्ये केली. मावळात, जुलैमध्ये! दुष्काळात तगणारं बी मी अशा पावसात पेरलं की दुसऱ्या दिवशी उतारावर बी तर नव्हतंच, वरची मातीही नव्हती. ते बी त्या आठवड्यात इंद्रायणीतून तळेगावच्या पुढं निघून गेलं असावं, म्हणजे माझ्याआधी कामावर हजर.

मग मी दुसरं पाकीट मागवलं आणि या वेळी त्यावरच्या सूचना वाचल्या. त्या आधी वाचायच्या असतात, हे मी कारखान्यात लोकांना रोज सांगतो.

तर हे बी फार हट्टी. तिकडं ते बर्फाखाली हिवाळा काढतं आणि मगच उगवायचं मनावर घेतं. त्याला फसवावं लागतं. काही जातींचं बी ओल्या वाळूत मिसळून फ्रीजमध्ये ठेवायचं. काहींवर पॉलिशपेपर घासायचा. काहींच्या अंगावर कढत पाणी ओतायचं!

“ओली वाळू? फ्रीजमध्ये? दह्याशेजारी?” सविता म्हणाली.

“त्याला वाटलं पाहिजे की बर्फ पडलाय.”

“आणि मला काय वाटलं पाहिजे?”

पण तिनं दही वरच्या कप्प्यात हलवलं. सविता अशीच आहे. बोलते आणि जागा करून देते.

सगळा श्रावण मी पायरीवर बसून अमेरिकेच्या बियांना पॉलिशपेपर घासत होतो. येणारेजाणारे विचारायचे, “काय मह्या, दाढी करतोस काय त्यांची?” मी हसून सोडून द्यायचो. आणि भादव्यात चमत्कार झाला! पडवीतल्या ट्रेमध्ये दोन-दोन पानांची इवली रोपं वर आली. एक नाही, दोन नाही, ट्रे भरून!

मग काय विचारता! गाडीत, कँटीनमध्ये, पारावर, माझं तोंड बंद होईना. “बी समजून घ्यावं लागतं हो! नुसतं मातीत टाकलं की झालं, असं नसतं! त्याला आधी पोळवायचं, मग गारठवायचं, मग बघा कसं मुसंडी मारून वर येतं!” एका वळवाच्या सरीनं कुंपणावर कारलं उगवतं अशा गावात मी हे लोकांना शिकवत होतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर आज तुम्हाला सांगायला तोंड तरी राहिलं असतं.

नवरात्र आलं. आमच्या भावकीचा मूळ घट आमच्या घरी बसतो. शेतातली माती चाळून, परडीत पसरून, त्यात गहू पेरायचा, मधे घट ठेवायचा, रोज पाणी शिंपडायचं, रोज एक माळ चढवायची, दिवा विझू द्यायचा नाही. दसऱ्याला सगळी भावकी येते, घटातले हिरवे तुरे बाप्ये टोपीत खोचतात आणि मगच सोनं लुटायला बाहेर पडतात. तुरा जेवढा उंच, तेवढं साल चांगलं.

आईनं हा घट उभा जन्म सांभाळला. यंदा तिच्या गुडघ्यांनी हात टेकले, आणि तिनं परडी सवितेच्या हातात दिली. भावकीतले थोरले रखमाजी आबा मिशीतल्या मिशीत म्हणाले, “शेरातली पोर. जमंल का?”

“न जमाया काय झालं?” आई म्हणाली. “माजी सून हाय ती.”

हे वाक्य सवितेनं कुठं ठेवू आणि कुठं नको केलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी चारचौघांत तिला असं म्हटलं होतं. तिनं स्वतः शेतावरून माती आणली, दोनदा चाळली, नवरात्रभर अनवाणी राहायचं ठरवलं. “अहो, तुरे चांगले यायला हवेत हो,” ती मला म्हणाली. “नाहीतर घट हनुमंतभावजींकडं जाईल.” हनुमंत हा माझा थोरला चुलतभाऊ, शेजारीच राहतो. त्याच्या बायकोचा, म्हणजे रेणुकावहिनींचा घरचा छोटा घट दरवर्षी भाताच्या खाचरासारखा दाट येतो.

माझ्या डोक्यात दिवा पेटला. बीचा जाणकार घरात असताना बायकोनं काळजी करायची? सवितेचा घट असा आला पाहिजे की आबांची टोपी वाकली पाहिजे!

आई आणि सविता कामशेतच्या बाजारात गेल्या आणि मी घटाचा गहू डब्यातून काढला. अमेरिकेच्या एवढ्याशा बीला कढत पाणी लागतं, तर आपल्या गावरान टपोऱ्या गव्हाला उकळतंच हवं! थर्मासात घातला, वरून खळखळतं पाणी ओतलं आणि झाकण घट्ट लावलं. मग उपसला, पुसला, पिशवीत भरून फ्रीजरच्या तळाशी दडपला. घट बसायच्या दिवशी पंख्याखाली वाळवून गुपचूप डब्यात परत! दोघींना सुगावा नाही. दसऱ्याला सांगून चकित करायचं होतं.

“गहू जरा फुगल्यावानी दिसतोय,” आई डब्यात बघत म्हणाली.

“यंदाचा गहूच भारी हाय!” मी म्हणालो.

घट बसला. तिसऱ्या माळेला रेणुकावहिनी दारातूनच म्हणाल्या, “आमच्या घटाला सुया आल्या गं सविता! तुज्या?” सविता म्हणाली, “येतील आज-उद्या.” मीही मनात म्हणालो, येतील. पोळवलेलं बी आहे, दम धरून एकदम उसळी मारेल.

चौथ्या माळेला पहाटे सविता मला गदागदा हलवायला लागली. “अहो उठा! आले! पांढरे पांढरे कोंब आले!” मी धावत गेलो. आईही भिंत धरत आली, चष्मा लावून वाकली आणि सरळ झाली.

“कोंब न्हाईत पोरी. बुरशी हाय ती.”

सविता परडीशेजारी बसून डोळे पुसायला लागली. तेव्हा माझ्या नाकाला वास आला, आंबट, शिळ्या भातासारखा. शिजलेल्या अन्नाचा वास मला ओळखता येतो. आणि त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं की गेले चार दिवस माझी बायको हात जोडून उकडलेल्या गव्हावर पाणी शिंपडत होती.

मी सांगायला तोंड उघडलं. देवाशप्पथ उघडलं! पण सविताच म्हणाली, “माझ्याच हातून काहीतरी चुकलं असणार. तुम्ही तरी मला काही बोलू नका हं.” आणि मी, दुसऱ्यांची खोट काढून पगार घेणारा, तोंड मिटून कामावर निघून गेलो. आरशात बघायची लाज वाटत होती म्हणून त्या दिवशी दाढीही केली नाही.

गावात कुजबुज सुरू झाली. ‘घट बोलंना.’ ‘शेरातली पोर.’ ‘म्हातारीनं घाई केली.’ सविता दोन वेळचा उपास करायला लागली. आई रात्रंदिवस जप करायला लागली. आणि मी बीबद्दल बोलायचं बंद केलं म्हणून गाडीतले लोक विचारायला लागले, “बरं नाही का?”

सातव्या माळेला आई आणि सविता एकवीरेला साकडं घालायला निघाल्या. गुडघे धरून आई निघाली, रिक्षानं पायथ्याला आणि पुढं सवितेच्या खांद्यावर! मला दिवा सांभाळायला घरी ठेवलं. घरात मी, दिवा, आंबलेली परडी, आणि पडवीत हिरवा ट्रे.

माझ्यासारख्याला एकटं ठेवू नये.

चमचा घेऊन मी परडीतला गहू उपसला आणि त्या जागी माझी रोपं लावायला बसलो. हिरवं ते हिरवं! टकलावर केस रोवतात तसं एकेक रोप मी घटाभोवती रोवलं. अर्ध्यात आलो आणि दारातून हाक आली, “भावजी, दिव्यात त्याल हाय न्हवं?”

“हाय, हाय!” मी परडीसमोर आडवा झालो.

“आन हात का वं मळलं?”

“सेवा करतोय वहिनी, सेवा!”

रेणुकावहिनींनी माझ्याकडं अशा काही भक्तिभावानं बघितलं की मला दरदरून घाम फुटला.

सूर्य कलताना त्या दोघी परतल्या. सवितेनं परडी बघितली आणि जी रडायला लागली! “आई, बघा! देवीनं ऐकलं!” तिनं माझाही हात धरला. तिच्या टाचा डोंगराच्या पायऱ्यांनी सोलवटल्या होत्या. मला वाटलं, धरणीनं आत्ता पोटात घ्यावं, निदान पडवीत तरी घ्यावं.

आईनं चष्मा पुसला. खाली वाकली. बराच वेळ बघितलं.

“ह्यो गहू न्हाई,” ती म्हणाली. “गव्हाची सुई येती. हितं तर पानं आली. गोल गोल.”

“तण हाय जणू,” मागून रेणुकावहिनी म्हणाल्या.

कुळाच्या घटात तण! धान्य मेलं आणि तण माजलं! अंधार पडायच्या आत गावभर झालं. इतके दिवस नुसतं साल वाईट होतं, आता कुळावरच काहीतरी येणार होतं. बायका जोडीजोडीनं बघायला यायच्या, हळहळायच्या आणि सवितेकडं न बघता जायच्या. काळ्या डोळ्यांची सुझान घटी बसून सगळ्यांकडं मजेत बघत होती. दुष्काळातली ती, एवढ्या कुजबुजीतही एक पान गळू देईल तर शपथ!

दसरा उजाडला. भावकी अंगणात जमली, सगळ्यांच्या टोप्या कडक पांढऱ्या आणि रिकाम्या. आबा खुर्चीत बसले. सविता आरतीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती.

“कुनाला दोस द्याचा न्हाई,” आबा म्हणाले. “पर घटानं सांगाचं ते सांगितलं. पुढल्या सालापासनं घट हनुमंताच्या घरात.”

आई मान खाली घालून बसली. सविता म्हणाली, “चालेल आबा. माझ्याच हाताला गुण नसेल.” आणि तिनं आरतीचं ताट खाली ठेवलं.

मग मला राहवलं नाही. “चूक माजी हाय!” मी ओरडलो. “गहू मी उकळला!”

सगळ्या टोप्या माझ्याकडं वळल्या.

मी सगळं सांगितलं. थर्मास सांगितला, फ्रीजर सांगितला, चमचा सांगितला, एकवीरेच्या दिवशी केलेली लावणी सांगितली. “ही पानं तणाची न्हाईत, अमेरिकेतल्या फुलांची हायत! सवितेचा काडीचा दोस न्हाई!” बोलताना मला धाप लागली. आता शिव्या पडतील, कदाचित आबांची काठीही पडेल, आणि पडू दे, असं वाटत होतं.

आबा माझ्याकडं टक लावून बघत राहिले. मग त्यांचे डोळे भरून आले.

“महिपती, तू कंपनीत तपासनीस. लोकाच्या मालातली खोट काढतोस. आन तू गहू उकळून पेरशील व्हय रं?”

“पेरला आबा! आईशप्पथ पेरला!”

“आरं, गहू उकळून पेरणारा येडा मावळात आजून जल्माला यायचाय!”

अंगण हसलं. मायेनं हसलं! मी धावत जाऊन थर्मास आणला. आबांनी झाकण काढून वास घेतला. “च्याचा वास येतोय.” मी ट्रे आणला. “हा बगा! रिकामा हाय!”

“रिकामा ट्रे काय सांगनार, लेका?”

“महिपा, बास कर आता,” हनुमंत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. “तुजं काळीज कळलं आमाला.”

“कळलं न्हाई! माजं काळीज न्हाई, माजा थर्मास...”

“बायकूचा बोल आपल्या अंगावर घेतोय,” आबा उभे राहून सगळ्या अंगणाला म्हणाले, “येडा ठरायला तयार झाला, पर तिला खाली मान घालू देईना. आरं, ज्या घरात असा नवरा, तितं देवी नांदती! घट हितंच ऱ्हाईल. पिढ्यान् पिढ्या हितंच ऱ्हाईल!”

बायकांनी पदरानं डोळे टिपले. रेणुकावहिनी हनुमंताला सगळ्यांदेखत म्हणाल्या, “शिका जरा भावजींकडनं!” हनुमंत त्यानंतर माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. आणि आबांनी परडीशी वाकून एक रोप उपटलं, डोळ्यांना लावलं आणि टोपीत खोचलं. “देवीनं येगळं काय दिलं आसंल तर त्ये बी तिचंच.” मग सगळी भावकी पुढं सरसावली. श्रावणभर घासलेलं, पोळवलेलं, गारठवलेलं माझं सगळं पीक डोळ्यांदेखत टोप्यांमध्ये गेलं, आणि टोप्या सोनं लुटायला वेशीकडं गेल्या. पाण्यावाचून महिनोन् महिने तगणारी रोपं दुपारच्या जेवणापर्यंत माना टाकून कानांवर लोंबत होती.

दुपारभर माणसं येत होती. आपट्याची पानं हातात देऊन कुणी माझ्या पाया पडलं, कुणी आपल्या जावयाला मुद्दाम माझ्याशेजारी बसवलं. बचत गटाच्या अध्यक्षीणबाई तर पुढच्या बैठकीत शाल-नारळ देणार असं ठरवूनच गेल्या. “मी खरंच उकळला होता हो,” मी त्यांनाही सांगितलं. “किती ते मन मोठं!” म्हणून त्या आणखी गहिवरल्या.

सगळे पांगल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. सविता पुरणाच्या भांड्यांचा ढीग लावत होती.

“सविता, मी बाहेर बोललो ते खरं होतं गं.”

“माहीत आहे मला.”

“म्हणजे तुझा विश्वास आहे?”

“पूर्ण. आबांना नसेल माहीत, पण तो वेडा जन्माला आलाय. अठरा वर्षं त्याला डबा करून देते मी.”

ती वळली. हसत नव्हती. “गहू उकळला याचं मला काही नाही. पण मी त्या परडीपुढं रडत होते आणि तुम्ही डबा घेऊन कामावर गेलात. परत आलात, जेवलात, झोपलात. सांगितलं का नाही?”

तिनं बरोबर खोट काढली होती.  अंगणभर लोकांपुढं वेडा ठरायची तयारी मी दाखवली, ती शेवटच्या दिवशी. चार भिंतींत एका माणसापुढं वेडा ठरायची हिंमत मात्र मला इतक्या दिवसांत झाली नाही. मला अतिशय लाज वाटली आणि मी ती तशीच बोलून दाखवली. “चुकलो,” मी म्हणालो. “फार चुकलो.”

ती पुन्हा भांड्यांकडं वळली. मीच भीत भीत विचारलं, “मग मघाशी तू का नाही सांगितलंस सगळ्यांना, की हा खरं बोलतोय म्हणून? तुझ्यावर तरी त्यांनी विश्वास ठेवला असता.”

सवितेनं पदर खोचला.

“वेड्याची बायको म्हणवून घेण्यापेक्षा देवमाणसाची बायको बरी,” ती म्हणाली, आणि पुरणाचं सगळ्यात करपलेलं पातेलं माझ्या हातात दिलं. देवमाणूस मोरीपाशी उकिडवा बसला आणि अंधार पडेपर्यंत घासत राहिला.